गाऱ्हाण्याशिवाय एक उंडी

कुस्तोदियो फर्नांडिस यांना आचऱ्याच्या खाडीकाठच्या वाड्यांत सगळे कुस्तोद मास्तर म्हणत, आणि पाठ वळली की 'एकच मास्तर'. कुठलीही गोष्ट बिघडली किंवा सुधारली, तर ती कशामुळे हे कळेपर्यंत या गृहस्थाला चैन पडत नसे. ते कळायचे तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. शाळेपुरता असता तर चालून गेला असता, पण मास्तरांनी तो घरातही आणला. एकदा बांगड्याचे सार नेहमीपेक्षा बरे झाले, तेव्हा त्यांनी बायकोला, म्हणजे कार्मीनला, रोज तेच बांगडे, तेच खोबऱ्याचे वाटप आणि फक्त कोकमाचे सोल रोज एक जास्त, असे करायला लावले. सहाव्या दिवशी कार्मीनने शांतपणे सांगितले की उद्या ती फक्त नवरा बदलून बघणार आहे, बाकी सगळे तसेच ठेवून. प्रयोग तिथेच थांबला.

शाळा चौथीपर्यंतची, एका खोलीची. सत्तावन्न साली मास्तरांनी तिथे एक यंत्र बसवले. बाकाच्या कडेला बांबूची लवचिक कांब बांधली, तिच्या टोकाला नारळाची करवंटी. करवंटीत उंडीच्या झाडाचे गोटीएवढे फळ ठेवायचे, कांब मागे ओढायची आणि सोडायची. उंडी किती लांब गेली ते गाठी मारलेल्या सुंभाने हातांत मोजायचे. आज कांब चार बोटे ओढा, उद्या सहा, पण उंडी तीच. परवा उंडी बदला, पण ओढ तीच. पोरे या धड्यावर इतकी खूश झाली की ज्यांना शाळेत ओढून आणावे लागे, ती आता संध्याकाळी हाकलून लावावी लागत. चौथीतल्या सुगंधाने तर आपल्या घरच्या कोंबडीवर नियम लावला. कोंबडीने अंडी द्यायचे बंद केले, पण ते कशामुळे हे सुगंधाला बरोबर सांगता येत होते.

मग एके दिवशी कोणीतरी कांब दहा बोटे ओढली. उंडी कुंपणापलीकडे गेली आणि भिकाजी गावकरांच्या छपराचा नळा, म्हणजे कौल, फुटला.

भिकाजी हे गावचे मानकरी. होडी पाण्यात लोटायची असो, लग्नाचा मांडव घालायचा असो, की विहिरीला हात घालायचा असो, आधी भिकाजींनी हात जोडून देवाला गाऱ्हाणे घालायचे आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. त्याशिवाय गावात पान हलत नसे. अशा माणसाचा नळा फुटला. त्यांनी तालुक्याला अर्ज केला की मास्तर सरकारी पगार घेऊन पोरांना गलोल मारायला शिकवतात.

शाळा तपासणारे दिपोटी साहेब येणार, आणि अर्ज खरा ठरला तर मास्तरांची बदली घाटावर होणार, हे चार दिवसांत सगळ्यांना कळले. कार्मीनने सांगून टाकले की जिथे मासा मिळत नाही तिथे ती येणार नाही. मास्तरांना मात्र माशांची नव्हे, शाळेची काळजी होती. पोरांना 'कशामुळे?' विचारायची सवय नुकती कुठे लागली होती, आणि नवा मास्तर आला की ती आठवड्यात मोडेल हे त्यांना ठाऊक होते. त्या चार रात्री त्यांना झोप आली नाही.

साहेब आले. यंत्र शाळेच्या अंगणात मांडले, निम्मा गाव जमला. साहेब म्हणाले, दाखवा. मास्तरांनी कांबेला हात घातला, तोच भिकाजी पुढे झाले. अर्ज त्यांचाच होता, पण गावात चार माणसांपुढे काही सुरू होतेय आणि गाऱ्हाणे नाही, हे त्यांच्याच्याने बघवेना. त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या पोरांनी जा काय उडवूचा ठरवल्यानी आसा, ता कोणाच्या घरार न पडता सरळ जावंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला.

साहेबांनी गंमत म्हणून अंगणातली एक उंडी स्वतः उचलून करवंटीत ठेवली. मास्तरांनी कांब सहा बोटे ओढून सोडली. एवढ्या ओढीला रोज उंडी अठरा हात जाई, ही बावीस हात गेली. गावाने माना डोलावल्या आणि भिकाजींनी साहेबांकडे बघितले. तेवढ्यात सुगंधा उठली.

"मास्तरांनू, दोन वस्तू बदलल्यो. उंडी दुसरी आसा, आणि गाऱ्हाणा नवीन. मगे कळतला कसा?"

मास्तर पेचात पडले. देव गावाचा, गाऱ्हाणे गावाचे, आणि आपण ख्रिस्तांव. त्याची परीक्षा आपण घेतली तर बदली राहिली बाजूला, लोक खाडीत लोटतील. आणि पोरीला खाली बस म्हटले, तर वर्षभर शिकवलेले सगळे खोटे. शेवटी त्यांनी साहेबांचीच उंडी आणायला सांगितली आणि हळूच म्हणाले, आता हीच उंडी, तेवढीच ओढ, फक्त गाऱ्हाण्याशिवाय.

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला.

सवय ती सवय. मास्तरांनी पुन्हा समजावले की या वेळी कोणी काही म्हणायचे नाही. गावाने तेही मोठ्या भक्तिभावाने मान्य केले, त्याच दोन शब्दांत. तिसऱ्यांदा खुद्द साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प राहायला सांगितले, तेव्हा तर आवाज खाडीपलीकडे गेला. सुगंधाने पाटीवर लिहिले की गाऱ्हाण्याशिवायचा प्रयोग या गावात होऊ शकत नाही. साहेब पोट धरून हसले, पण जाताना त्यांनी मास्तरांना बाजूला घेऊन बजावले की हसणे वेगळे आणि अर्ज वेगळा. आपण उद्यापर्यंत आचऱ्याला आहोत. भिकाजी गावकरांनी अर्ज मागे घेतला तर ठीक, नाहीतर आपल्याला बदली लिहावी लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर शाळा उघडायला गेले, तर पायरीवर भिकाजी बसलेले. सोबत कोणी नव्हते. त्यांच्या मुठीत कालची उंडी होती.

"मार," ते म्हणाले. "आता व्हय म्हणूक हय कोण नाय."

मास्तरांनी कांब सहा बोटे ओढली आणि सोडली. दोघांनी मिळून सुंभ धरले. बावीस हात. कालची उंडी सुकलेली, हलकी होती, म्हणून लांब गेली, एवढे मास्तर कसेबसे बोलले. भिकाजींनी सुंभाच्या त्या गाठीवर बोट ठेवले.

"बारा वर्षां झाली," ते म्हणाले. "माका ताप होतो. होडयेक गाऱ्हाणा घालूक गेलंय नाय. त्याच दिसा वादळ झाला आणि माझो भाव परत येवक नाय. तेका मी मारलंय, असा समजान ऱ्हवलंय."

त्यात तुमचा काही दोष नाही म्हणून टाकावे, असे मास्तरांना फार वाटले. पण एका उंडीवरून होडीचे सांगणे खोटे झाले असते, आणि हा माणूस खोटे ऐकायला आला नव्हता.

"उंडी म्हणजे होडी न्हय, भिकाजीनू," ते म्हणाले. "पण माका एक सांगा. त्या दिसा आणखी खंयच्यो होडयो बुडल्यो?"

"रेडीच्यो दोन."

"थंय गाऱ्हाणा घातलला?"

रेडीचा मानकरी भिकाजींचा साडू होता, त्या दिवशी त्याने गाऱ्हाणे घातले होते आणि तरी त्या होड्या बुडाल्या, हे त्यांना बारा वर्षे माहीत होते. फक्त या दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांनी कधी बघितल्या नव्हत्या. गावचा मानकरी शाळेच्या बाकावर बसून लहान मुलासारखा रडला. मास्तर शेजारी बसून राहिले. सुंभाचे टोक अजून त्यांच्या हातात होते.

काही वेळाने भिकाजींनी पंच्याने तोंड पुसले. आचऱ्याला जाऊन साहेबांना गाठतो, नळा माकडाने फोडला असे सांगतो म्हणाले. मास्तर म्हणाले, तसे सांगू नका, नळा आमच्याच उंडीने फुटला. भिकाजी म्हणाले, बरे, तर तसेच सांगतो आणि अर्ज फाडायला लावतो.

ते फाटकापर्यंत गेले, थांबले, आणि चपला काढून पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. बारा वर्षांत भावाच्या नावाने त्यांनी गाऱ्हाणे घातले नव्हते, ते त्यांनी तिथे घातले. आजूबाजूला दुसरे कोणीच नव्हते. तेव्हा प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' कुस्तोद मास्तरांनी म्हटले.