चारशे बारा भागिले चार

आमच्या केंद्रात महिन्यातून एकदा शिक्षण परिषद भरते. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात आसपासच्या शाळांचे तीसेक शिक्षक एका शाळेत जमतात, पोहे खातात, केंद्रप्रमुख सूचना वाचून दाखवतात आणि त्या शाळेतलं कुणीतरी मुलांना समोर बसवून नमुना पाठ घेतं. पाठ संपला की सगळे मान डोलावतात. बावीस वर्षांच्या नोकरीत कुणाचा नमुना पाठ फसल्याचं मी ऐकलेलं नव्हतं.

फसणार कसा? त्याची तालीम झालेली असते. ही गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणी काढत नाही. आपली पाळी आल्यावर आपणही तेच करायचं असतं ना!

गेल्या वर्षी माझी पाळी आली. पनवेल तालुक्यातली माझी शाळा तळोज्याच्या कारखान्यांपासून फार लांब नाही. चौथीच्या माझ्या वर्गात पाळीवर जाणाऱ्या कामगारांची मुलं आहेत, गावातली आगऱ्या-कोळ्यांची आहेत, नव्या इमारतींतली चार-दोन आहेत. मी विषय निवडला भागाकार. तीन गणितं ठरवली आणि आठवडाभर मुलांकडून घोटून घेतली. त्या तिन्ही गणितांच्या उत्तरांत शून्य येणार नाही याची मी नीट काळजी घेतली होती. शून्य आलं की माझा वर्ग कोसळतो, हे मला चांगलं माहीत होतं. जूनमध्ये ही मुलं पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणार होती, आणि त्यांना धड भागाकार येत नव्हता. तो मी शिकवू शकले नव्हते. ही बोच मनात ठेवून मी इस्त्रीची साडी नेसून पाठाला उभी राहिले.

पहिलं गणित झकास झालं. मग समोरच्या तीस माना बघून माझी धांदल उडाली, आणि दुसरं गणित सोडून मी फळ्यावर एकदम तिसरं लिहिलं: सहाशे चौऱ्याऐंशी भागिले दोन. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “एकशे तेवीस!”

ते दुसऱ्या गणिताचं उत्तर होतं. आणि मी सवयीने म्हणाले, “शाब्बास!”

केंद्रप्रमुख एकदम वहीत काहीतरी लिहू लागले. मागे कुणीतरी खोकलं. सगळ्यांना कळलं होतं आणि सगळे सभ्यपणे खिडकीबाहेर बघत होते. एखादीने फिदीफिदी हसून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या सभ्यपणाचाच मला राग आला. त्याहून जास्त स्वतःचा. मी मुळात तापट आहे, घरचे सांगतील. मी डस्टर उचललं आणि फळा पुसून टाकला.

“हा पाठ पाठ करून घेतलेला होता,” मी म्हणाले. “खरं काय येत नाही ते आता दाखवते. मला मदत हवी आहे.” आणि फळ्यावर लिहिलं: चारशे बारा भागिले चार.

मुलं वह्यांत डोकं घालून बसली. मी शिक्षकांना म्हटलं, खुर्च्यांवर बसू नका, त्यांच्या वह्या बघा. आधी कुणी हललं नाही. मग दोघी उठल्या, मग बाकीचे. जवळजवळ प्रत्येक वहीत एकच उत्तर होतं: तेरा. चार एके चार, मग एकाला भाग जात नाही म्हणून तो सोडला, शेजारचे दोन खाली आणले, चार त्रिक बारा. मधलं शून्य गायब. मी किती वेळा सांगितलं असेल, भाग गेला नाही की शून्य लिहा म्हणून. घसा बसला, शून्य बसलं नाही.

आमच्यातल्या सगळ्यांत ज्येष्ठ बाई, ज्यांच्यासमोर केंद्रप्रमुखही जपून बोलतात, त्या सतरंजीवर एका मुलीशेजारी मांडी घालून बसल्या. परिषदेत पुस्तकासारखं बोलणाऱ्या या बाई खाडीकाठच्या गावातल्या आहेत, हे मी विसरूनच गेले होते.

“बाय, तुजी आय मावरं विकते ना?”

“हाय. बाजारात बसते.”

“मंग चारशे बारा बोंबील हायत. चार वाटे लाव. एका वाट्याला किती येतील?”

मुलीला विचारही करावा लागला नाही. “शंभराच्या वर येतील.”

“आन वहीत किती लिवलंस?”

तिने वहीकडे पाहिलं आणि खुदकन हसली. “तेरा नाय जमत, बाई. गिऱ्हाईक भांडंल.”

मी भागाकाराची रीत शिकवत होते, आणि वाटे लावायची अक्कल त्यांच्याकडे घरूनच आलेली होती. आठवडाभर मी त्यांना ती वापरूच दिली नव्हती. मला लाज वाटली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की काय सांगू. मग आधी वाट्याचा अंदाज वहीच्या कोपऱ्यात लिहायचा आणि मगच भागाकाराला हात घालायचा असं ठरलं. शतक, दशक, एककाची घरं एका सरांनी आखून दिली. नऊ-दहा मुलांचं एकशे तीन आलं. एकाचं एकशे तीस आलं, त्याच्याभोवती चार शिक्षक जमून वाद घालत बसले. चहा गार झाला. परिषद एक तास लांबली आणि घड्याळ कुणी पाहिलं नाही. ते वर्ष संपेपर्यंत माझ्या वर्गातल्या बहुतेकांना भागाकार जमला. सगळ्यांना नाही, खोटं कशाला सांगू.

त्या दिवशी निघताना केंद्रप्रमुखांनी विचारलं, पुढच्या महिन्याचा पाठ कोण घेणार? नेहमी अशा वेळी सगळे पिशव्या आवरू लागतात. त्या ज्येष्ठ बाईंनी हात वर केला, अगदी मुलांसारखा.

“मी घेते. इंग्रजी वाचनाचा,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं झाली, मला ते शिकवता येत नाही. तालीम करणार नाही. कुठे चुकतं ते येऊन बघा आणि मला सांगा.”

त्यांच्या निवृत्तीला तेव्हा चार महिने राहिले होते.