पाला कुणाच्या नावानं मागितला

गेल्या दिवाळीनंतरचा रविवार, संध्याकाळची वेळ. ठिकाण वडूजजवळचं आमचं शेत. हजर तिघं – मी, माझे वडील आणि झाडपाल्याचं औषध देणाऱ्या बायडाक्का. ठरलेली रक्कम शून्य. जखम भरली तर एक नारळ.

मी कराडला अकाउंट्सचं काम करतो. असल्या गोष्टी कधी मानल्या नाहीत. आजही मानतो असं नाही... पण घडलं ते सांगतो.

वडिलांना शुगर. टाचेची जखम भरत नव्हती. पसरली तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोळ्या, ड्रेसिंग चालूच होतं. वडिलांच्या हट्टापायी मी दगडी पाल्यालाही हो म्हटलं. लहानपणी खरचटलं की आम्ही तोच चुरगाळून लावायचो.

बायडाक्कांची रीत अशी – आदल्या संध्याकाळी झाडाला हळदकुंकू, तांदूळ वाहायचे आणि सांगायचं, उद्या न्यायला येते, अमक्याच्या जखमेसाठी.

"कुणाच्या नावानं मागू, आण्णा?"

"ह्येच्या, सुभाषच्या. बोअर, मोटार, गॅस... समदं त्येच्याच नावावर हाय."

"आवं, पाय तुमचा न्हवं?"

"कापला तर बिल त्योच भरणार हाय की."

आम्ही दोघं हसलो. त्या हसल्या नाहीत. तांदूळ वाहून त्यांनी माझं नाव घेतलं.

सकाळपासून पाला वडिलांच्या टाचेला बांधू लागलो. जखम घोट्यापर्यंत चढली. अशात एकदा जेवायला वाढताना बायकोनं माझा हात धरला. "इथला वण कुठं गेला?"

लहानपणी विळ्यानं माझा डावा तळवा फाटला होता. चाळीसेक वर्षांचा तो पांढरा वण... तिथं आता नुसती कातडी. डॉक्टर म्हणाले, वण फिकट होतात. एवढ्यात? मी विचारेपर्यंत त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

मी बायडाक्कांकडे गेलो. "आता आण्णांच्या नावानं मागा."

"आता न्हाई यायचा. पाला तुज्या नावानं येऊन गेला."

वडिलांचा पाय गुडघ्याखाली काढला. घरी आणल्यावर बायडाक्का आल्या. "नारळ ऱ्हायलाय."

"पाय गेला त्यांचा," मी म्हणालो.

"त्येंच्याकडं कुठं मागत्ये? तुजं भरलं न्हवं?"

खाटेवरून वडील म्हणाले, "दे रं. तिनं तिचं काम केलंय."

वण गेल्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. दिलं ते एवढंच – एक नारळ, बायडाक्कांना. घेताना त्यांनी माझा तळवा उलटून पाहिला.