सुपारीसकट टीप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई. मध्ये कोणी फिसकन हसलं की माझं पुढचं सांगणं अडतं, आणि हे मला एकदाचं स्वतःच्या तोंडानं सांगून टाकायचं आहे. आमच्या घरात जो तो हा किस्सा आपल्या पद्धतीनं सांगतो, नि दर वेळी माझा मूर्खपणा थोडा वाढलेला असतो. तेवढाही काही नव्हता हो. म्हणजे होता, पण तेवढा नव्हता.

मूळ भांडण टीपेचं. हॉटेलात जेवण झालं की आमच्या टेबलावर महाभारत सुरू होतं. आमचे हे लगेच बिल डोळ्यांजवळ नेतात आणि पाणी किती उशिरा आलं, पोळी किती गार होती, ते आठवत बसतात. अनिकेत, आमचा मुलगा, म्हणतो, बाबा, सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय, आता वर कशाला. नणंदबाई असल्या तर बडीशेपेच्या वाटीतली चिल्लर बोटानं चाळतात आणि जी त्यांना नको असते ती ठेवतात. तेवढा वेळ तो वाढणारा माणूस भिंतीकडे बघत उभा! माझा जीव कसानुसा होतो. घरी पूजेला आलेल्या गुरुजींची आरती लांबली म्हणून आपण दक्षिणा कापतो काय? मग ज्यानं पानात अन्न वाढलं त्याचीच काहून कापायची?

पण माझं ऐकतो कोण.

तर झालं असं की, अनिकेतसाठी काटोलचं एक स्थळ आलं. संत्र्याची बाग, माणसं साधी, मुलगी पल्लवी, नागपुरातच नोकरीला. एका सोमवारी संध्याकाळी रामदासपेठेतल्या हॉटेलात दोन्ही घरांनी भेटायचं ठरलं. अनिकेतनं मला आदल्या दिवशीच समोर बसवून बजावलं. आधी तो आणि पल्लवी बोलणार. त्यांचं ठरेपर्यंत नारळ नाही, सुपारी नाही, कुंकू नाही. आमच्याकडे मुलाच्या आईनं मुलीच्या बापाच्या हातावर सुपारी ठेवली की सोयरीक पक्की, हे त्याला चांगलं ठाऊक. मी महादेवाची आण घेऊन कबूल केलं. त्याच्याच लग्नासाठी तर मी सोमवार धरले होते; त्याच्याच मनाविरुद्ध कशी जाईन?

मी हातात पूजेचं ताट घेऊन देवळातून परस्पर ऑटोनं निघाले आणि सगळ्यांच्या आधी पोचले. हे अनिकेतला घेऊन मागून येणार होते. मुलीचा मी फक्त फोटो पाहिलेला. तिच्या वडिलांशी बोलणं सगळं यांचं, तेही फोनवर.

दारातच एक माणूस लगबगीनं पुढे आला. पांढरा शर्ट, काळी पँट, खांद्यावर टॉवेल. आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

"या बाई, बसा. तुमच्यासाठीच टेबल धरून ठेवलं. सोमवार हाय ना तुमचा?"

मी थक्क. यांनी टेबल सांगताना माझ्या उपासाचंही सांगितलं म्हणायचं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी एवढी आठवण ठेवली, म्हणून डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

मग मी जरा मोकळी झाले. म्हटलं, दादा, टेबल ओलं दिसतंय. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं पुसलं. म्हटलं, एसीचा वारा थेट डोक्यावर येतोय. त्यांनी जाऊन कमी करायला लावला. उपासाचं काही मिळेल का विचारलं, तर स्वतः आत गेले आणि सैंधव घालून बटाट्याची भाजी करवून आणली. वर स्वतःच्या पिशवीतून संत्री काढून, सोलून, एकेक फोड माझ्यापुढे ठेवली. अशी सेवा मी बापजन्मी पाहिली नव्हती.

आणि इथं माझ्या डोक्यात ती अवदसा शिरली. जेवणानंतर बिल येणार, हे लगेच ते डोळ्यांजवळ नेणार, आणि होणाऱ्या व्याह्यांसमोर पोळी गार होती की गरम याची पंचाईत होणार. त्यापेक्षा या भल्या माणसाला आपण आधीच गुपचूप देऊन मोकळं व्हावं. पर्समधून एक्कावन्न रुपये काढले. नुसती दक्षिणा कोरडी दिसते, म्हणून देवळातून आणलेली सुपारी वर ठेवली. सवय हो, हाताची सवय! अनिकेतला दिलेलं वचन मनातसुद्धा आलं नाही. ते व्याह्यांसाठी होतं, वेटरसाठी थोडंच?

दोन्ही हातांनी त्यांच्या ओंजळीत ठेवलं. म्हटलं, "नाही म्हणू नका. तुमचं मन पाहूनच देते आहे."

ते सुपारीकडे पाहतच राहिले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाई, बाकीच्यायले न विचारताच?"

मला वाटलं, बाकीचे वेटर. म्हटलं, कोणाला विचारायचं नाही. आणि टीप मालक काढून घेतात असं मी ऐकलेलं, म्हणून हळूच सांगितलं, "मालकांना कळू देऊ नका."

काटोलकडच्या बायका नवऱ्याला मालक म्हणतात. हे मला माहीत नाही असं नाही. त्या वेळी आठवलं नाही, एवढंच.

त्यांनी ओंजळ कपाळाला लावली, काउंटरपाशी जाऊन कोणाला तरी फोन केला आणि डोळे पुसले. मी मनात म्हटलं, बघा, बिचाऱ्याला कोणी कधी प्रेमानं टीपसुद्धा दिली नसेल.

थोड्या वेळात एक बाई संत्रा बर्फीचा डबा घेऊन आल्या, मागे फोटोतली पल्लवी. बाईंनी थेट माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि विहीणबाई म्हणून मिठी मारली. मी काही बोलणार, तेवढ्यात हे आणि अनिकेत आत आले आणि माझा तो वेटर धावत जाऊन यांच्या गळ्यात पडला.

"याहीबुवा, बाईंनं सुपारी देल्ली! मालकाले सांगू नका म्हणल्या, पण मले काही राहावलं नाही."

यांनी माझ्याकडे पाहिलं. अनिकेतनं पाहिलं. त्याचं ते पाहणं मला नको झालं होतं. पल्लवी मात्र तिच्या बापाकडे वळली.

"बाबा, मले न विचारता तुम्ही सुपारी घेतलीच काहून?"

आता आली का पंचाईत? गप्प राहिले तर दोन्ही पोरांचं मन मोडतं. खरं सांगितलं तर त्या देवमाणसाला मी टीप दिली असं होतं. महादेवाला म्हटलं, काहीतरी सुचव. काही सुचवलं नाही त्यानं. उपासाच्या दिवशी खोटं तरी कसं बोलू?

"अनिकेत, मी वचन मोडलं नाही रे," मी म्हटलं. "मी... यांना वेटर समजले. ती टीप होती."

पल्लवीच्या वडिलांनी मुठीतले पैसे पाहिले, खांद्यावरचा टॉवेल पाहिला.

"तरीच," ते म्हणाले, "मी म्हणलं, विहीणबाई पहिल्याच भेटीत टेबल काहून पुसायले लावून राहिल्या."

पल्लवीला हसू फुटलं, मग अनिकेतला. मी माफी मागायला हात जोडले, तर त्यांनी सुपारी माझ्यापुढे ठेवली. पोरांचं जमलं तर मग द्या, म्हणाले. पैसे मात्र खिशात टाकले. "हे नाही देत वापस. हे मी कमावले."

मग दोघं पोरं कोपऱ्यातल्या टेबलावर बोलायला गेली. मी मान खाली घालून बसले आणि मनाशी ठरवलं, आज यापुढे कोणालाही कमी लेखायचं नाही.

एवढ्यात काळ्या कोटातला एक गृहस्थ शेजारी येऊन अदबीनं उभा राहिला. मुलीचे मामा उशिरा येणार आहेत असं मघाशी कानावर पडलं होतं. मी लगेच उठले. नमस्कार केला, आग्रहानं माझ्या खुर्चीवर बसवलं, बर्फीचा तुकडा हातात दिला आणि विचारलं, "मामा, आता तुम्हीच सांगा. पोरांचं जमेलसं वाटतं का हो?"

ते बर्फी हातात धरून अवघडून बसले होते.

"मॅडम, मला काय सांगता येणार," ते म्हणाले. "त्या कोपऱ्यातल्या दोघांनी एकच आईस्क्रीम मागवलंय, दोन चमचे. ते याच बिलात लावू का, तेवढं विचारायला आलो होतो."