दोन पिशव्या शेंदाडं

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, मी शेंदाडांच्या मागे लागलो. कॉलेजात आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, ते फळ्यावर. आता काकडी-खरबुजाच्या प्रजातीतले रानात आपोआप उगवणारे भाऊबंद परभणी जिल्ह्यात कुठं कुठं आहेत ते पायांनी बघायचं ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं कुणी थांबवूही शकलं नाही. कुंपणावर चढणारी, लाल मण्यांसारख्या फळांची चिराटी सहज ओळखू यायची. छळलं ते शेंदाडानं. अंड्याएवढं, हिरव्या पट्ट्यांचं फळ. सगळी सारखी दिसणार, पण एका बांधावरचं काकडीसारखं गोडसर, तर शेजारच्या बांधावरचं जहर कडू.

पानं मोजायचं काम माझं, चव बघायचं बायकोचं. माझ्या जिभेवर तिचा भरोसा नव्हता, कारण साखरेऐवजी मीठ पडलेला चहा मी एकदा ‘आज वेगळा झालाय’ म्हणत संपवला होता. ती फोड जिभेच्या शेंड्याला लावायची, डोळे बारीक करायची आणि निकाल द्यायची. “कडू हाय, पण मागून.”

एकदा तिला न विचारता मी पराक्रम केला. पिंगळी स्टेशनाजवळ एक गोल पिवळं फळ पडलेलं होतं. वेल शोधायचा कंटाळा केला आणि थेट चावा घेतला. ते इंद्रावण निघालं. आपल्या प्रजातीतलं नाहीच, आणि जुने वैद्य ते कशासाठी देत ते मला तासाभरात कळलं. परभणीची गाडी आली, थांबली, निघाली; मी बाभळीमागून तिला हात केला. फलाटावर कुणीतरी बायकोला विचारलं, सर कुठं आहेत. ती म्हणाली, अभ्यासाला गेलेत, येतील. हा किस्सा तिनं इतक्या घरी सांगितला की माझं संशोधन लोकांना तेवढंच ठाऊक आहे.

मग तिच्या गालाच्या आत एक फोड आला, तो बरा होईना. ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक दिले. जीव वाचला, चव गेली. हळूहळू येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आम्ही वाट बघत राहिलो. शेजारणीच्या आमटीत हिंग जास्त पडलाय हे नुसतं बोट लावून सांगणारी बाई आता ताटातलं गुमान संपवायची आणि हात धुवायची. डॉक्टरांनी सांगितलेले महिने उलटून गेले, तसं आम्ही त्याबद्दल बोलणंही सोडलं.

मी वेली बघायला जाणंही सोडलं होतं. यंदा पावसाळा सरताना तिनंच मला घराबाहेर काढलं. आणि मग माझ्या डोक्यात आलं, की या जिभेला कुणी जागं करील तर आपलं शेंदाडच करील. अगदी कडूतलं कडू.

पोखर्णीच्या रस्त्याला एका कापसाच्या कडेला तशी वेल मिळाली. फळं तोडताना वेचणीवरची बाई म्हणाली, “सर, शेळ्याबी तोंड लावत न्हाईत ह्याला. सासूला द्यायचंय का?”

बायकोला, म्हणालो.

“लय दिवसाचं भांडण दिसतंय,” ती म्हणाली आणि वेचायला लागली.

चारठाण्याकडून आदल्या दिवशी गोडसर शेंदाडं आणलेली होती. कडू कळलं की लगेच तीही देऊ, असा बेत. दोन पिशव्या सारख्याच, म्हणून कडू पिशवीला गाठ मारली. घरी आल्यावर फळं घामेजू नयेत म्हणून गाठ सोडली, आणि नंतर पुन्हा बांधली.

गाठीच्या पिशवीतलं फळ कापून बशीत फोड ठेवली. तिनं तोंडात घातली. मी समोर बसलो होतो, एकटक. ती थोडी थांबली, मग तोंड वेडंवाकडं केलं. “आगं बाई, किती कडू. मारायलात का काय मला?”

मी लेकीला फोन केला. ती पलीकडं रडली. मी चपला न घालताच कोपऱ्यापर्यंत जाऊन जिलबी आणली.

तिनं बशीत ठेवलेली उरलेली फोड मी सहज तोंडात टाकली. आता कडू हा माझाही सण होता. फोड गोडसर लागली. चारठाण्याची. पुन्हा खाल्ली. तशीच. गाठ मी दुसऱ्याच पिशवीला मारली होती.

स्वयंपाकघरात ती काकडीचा शेंडा कापून तो कापल्या जागी गोल गोल घासत होती, कडूपणा फेसातून निघून जावा म्हणून. हाताची सवय. माझ्याकडं एकदा बघून म्हणाली, “पिशव्या बदलल्या ना?”

मी हो म्हणालो. विचारलं, कसं कळलं.

“तुमचं तोंड बगून.” फेस धुऊन टाकला. “काय करू मग? लेकरावानी बगायलते तुमी.” थोड्या वेळानं म्हणाली, “पोरीला सांगू नका इतक्यात.” आणि हात पुढं केला. “आणा ती दुसरी.”

नको म्हणालो. तिनं हात मागं घेतला नाही.

पोखर्णीच्या फळाची जाड फोड तिनं तोंडात घातली. चावली. एका गालातून दुसऱ्या गालात नेली, सुपारीसारखी. डोळे बारीक केले, अगदी पूर्वीसारखे, आणि मला क्षणभर वाटलं की आता निकाल येणार. ती चावत राहिली. मग मोरीत जाऊन थुंकली, चूळ भरली.

उरलेला तुकडा मी खाल्ला. घशापासून कानापर्यंत कडू झालो, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं ते कडूचंच धरलं असावं. फडताळातून गुळाचा खडा काढून फोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि अर्धा, सवयीनं, स्वतःच्या तोंडात टाकला.