दहा मिनिटांचे वर्तुळ

प्रवासाला निघण्यापूर्वी मी नव्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्या पावलाची लांबी लिहून ठेवतो. ती अडीच फूट आहे. वर्गात मी मेट्रिक पद्धत शिकवतो, पण माझे पाऊल अजून फुटांतच पडते. ज्या गावी जावे तेथील दोन-चार अंतरे स्वतः चालून मोजावीत, म्हणजे ते गाव ध्यानात राहते, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. या मे महिन्यात मुलुंडला माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, चार दिवस राहून साताऱ्यास परतलो. तेथे मोजलेले एक अंतर ध्यानात राहिले आहे ते मात्र संतापाने.

ठाण्याला एस.टी.तून उतरून मी मुलुंडची बस धरली. पश्चिमेला डोंगर, त्याच्या पायथ्याशी कारखान्यांची धुराडी, त्यापुढे नव्या चौमजली इमारती आणि सर्वांत टोकाला अक्काची बैठी चाळ. चाळीपुढून एक नाला वाहतो. तो उन्हाळ्यातही पूर्ण आटत नाही. त्यात पाणी किती आणि कारखान्यांचे सांडपाणी किती, हे मात्र वासावरूनच ठरवावे लागते.

अक्काचे यजमान म्हणजे आमचे भावोजी मालवणकडचे; चाळीत त्यांना सगळे तात्या म्हणतात. परळच्या एका गिरणीत त्यांनी तीस वर्षे साच्यावर (विणायच्या मागावर) काम केले. गिरणी बंद पडली आणि ते इकडे आले. साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले आहेत. मी दारात उभा राहून मोठ्याने "नमस्कार भावोजी" म्हणालो, तेव्हा ते हसले.

"मास्तर, आराडतंस कित्याक? (ओरडतोस कशाला?) माका दिसता तू काय बोलतंस ता."

जेवायला कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा होता. वाढता वाढता अक्काने बातमी सांगितली. चाळीच्या भिंतीवर नोटीस लागली होती. या विभागाची नवी आखणी झाली असून नागरिकांना लागणाऱ्या सर्व सोयी दहा मिनिटांच्या चालीत आल्या आहेत. सबब येथून घाटकोपरला जाणारी बस यापुढे अनावश्यक ठरते. हरकती रविवारी शाळेच्या सभागृहात ऐकल्या जातील.

"यांची शनिवारची बस ती," अक्का म्हणाली. "ती गेली की हे घरात बसणार. आणि घरात बसले की माझ्या डोक्यावर."

प्रथम माझे मत आखणीच्या बाजूनेच होते. शाळा, बाजार, दवाखाना पायी गाठता यावा यात गैर काय? साताऱ्यात मी तसाच राहतो आणि त्याचा मला अभिमान आहे. तसे मी बोलूनही दाखवले. भावोजींनी माझ्या ओठांकडे पाहिले, आणि पिठी भुरकून एवढेच म्हणाले, "उद्या चल माझ्यावांगडा (माझ्याबरोबर)."

दुसऱ्या दिवशी आम्ही ती बस धरली. भांडुप, विक्रोळी मागे टाकीत घाटकोपरला उतरायला पाऊण तास लागला. एका केशकर्तनालयाच्या बाजूला पिंपळाचा पार आहे. तेथे चार म्हातारे बसले होते. सगळे साच्यावरचे, सगळे बहिरे. भावोजी दिसताच एकाने हात वर करून बोटे फिरवली, दुसऱ्याने ओठ हलवले, आणि पाचही जण पोट धरून हसू लागले. आवाज जवळजवळ नव्हताच. वाचकांसाठी हे उलगडून सांगतो. साचेखात्यात स्वतःचे बोलणे स्वतःलाही ऐकू येत नाही. म्हणून तेथील कामगार ओठ वाचायला शिकतात आणि बाकीचे हातांनी सांगतात. तुटलेला धागा, येणारा जॉबर (मुकादम), चहाची वेळ, कोणाच्या घरी पाळणा हलला, सारे काही हातांनी. गिरणी गेली, भाषा उरली. आणि ती बोलणारी माणसे आता उपनगरांतून विखुरली आहेत.

भावोजी घरी दिवसभरात दहा वाक्ये बोलत असतील. पारावर ते दोन तास अखंड बोलत होते.

"काय सांगत होते तुम्हांला?" परतताना मी विचारले.

"तुझ्याबद्दल. म्हणतत, ह्यो मास्तर ऐकाक येता तरी कायच बोलणा नाय." (ऐकू येत असूनही हा काहीच बोलत नाही.)

रविवारी सकाळी मी वही घेऊन निघालो. नोटिशीत ज्येष्ठांच्या विरंगुळ्यासाठी एक बाग दाखवली होती. ती नाल्यापलीकडे आहे आणि चाळीच्या पायरीवरून तिची हिरवी बाके दिसतात. नाल्यावर चाळकऱ्यांनी पूर्वी घातलेला लाकडी साकव आहे. त्यावरून गेल्यास नोटिशीप्रमाणे बाग चाळीपासून अठराशे फूट, म्हणजे माझी सातशे वीस पावले. भावोजींसारख्या काठी टेकणाऱ्या माणसाला दहा मिनिटे पुरतात. परंतु साकवाच्या पलीकडच्या टोकाला नव्या सोसायटीने भिंत घालून लोखंडी फाटक बसवले आहे, आणि फाटकाला कुलूप आहे.

"मेंबर आहात काय?" पलीकडून पहारेकऱ्याने विचारले.

"नाही. मला बागेत जायचे आहे."

"मग वळसा मारा ना, काका. सगळे मारतात."

मी वळसा मारला. कारखान्याची भिंत, मोठा रस्ता, पूल आणि पुन्हा मागे. वाटेत चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा उरलेले अंतर फरफटत मोजले. त्यात दहा-वीस पावलांची चूक असू शकेल. एकूण दोन हजार सहाशे चाळीस पावले. सव्वा मैल.

संध्याकाळी सभागृहात फळ्यावर नकाशा टांगला होता. तो पाहताच मला चूक कळली, कारण ती माझ्या ओळखीची होती. चाळीवर कंपासाचे टोक रोवून अठराशे फूट त्रिज्येचे सुबक वर्तुळ काढले होते आणि त्यात जे जे पडले ते ते 'दहा मिनिटांवर' धरले होते. कंपासाला नाला लागत नाही, भिंत लागत नाही, कुलूप तर लागतच नाही. गेली बावीस वर्षे मी सहावीच्या मुलांना असेच वर्तुळ काढून 'आपल्या शाळेजवळ काय काय आहे' ते लिहायला लावतो आणि रेषा स्वच्छ आली की पूर्ण गुण देतो. माझा निम्मा संताप तेथे माझ्यावरच होता.

मी उठून माझी मापे वाचून दाखवली. हरकती ऐकायला आलेले आखणी खात्याचे साहेब मृदू बोलणारे, इस्त्रीच्या सदऱ्यातले गृहस्थ होते. "आपली सूचना मोलाची आहे," असे म्हणून त्यांनी काहीच लिहिले नाही.

मग अक्काच्या शेजारीण सुशीलाबाई कांबळे उठल्या. त्या घाटकोपरच्या एका इस्पितळात परिचारिका आहेत.

"साहेब, तुम्ही राहता कुठे?"

"दादरला."

"तिथे बाजार, शाळा, बाग, सगळं चालत जाण्यासारखं आहे ना?"

"अर्थात."

"मग इथे कशाला आलात? घरीच बसायचं ना."

सभागृह हसले. साहेबही हसले. हसता हसता ते शेजारच्या कारकुनाकडे वळले, तोंडापुढे कागद धरायचे विसरले आणि हलक्या आवाजात काही बोलले. पहिल्या रांगेलाही ते ऐकू आले नाही.

तिसऱ्या रांगेतून भावोजी काठी टेकून उठले. सभेत ते प्रथमच बोलत होते आणि बहिऱ्या माणसाच्या सवयीने फार मोठ्याने बोलले. साहेबांचे शब्द त्यांनी साहेबांच्याच भाषेत, एकही न बदलता म्हटले, "निर्णय गेल्या महिन्यातच झालाय, आजचं फक्त ऐकून घ्यायचं."

कोणी हसले नाही. कारकून मान खाली घालून बसला. साहेबांचा चेहरा उतरला. हे शब्द कोठून आले, ते त्यांना उमगेना.

"तात्या तीस वर्षं साच्यावर होते, साहेब," सुशीलाबाई म्हणाल्या. "त्यांच्यासमोर कुजबुजून उपयोग नाही."

"आजोबा," साहेब सावरून म्हणाले, "तुमच्यासाठी बाग केली आहे. तुमच्या गरजेचं सगळं..."

"बागेत बसान झाडांवांगडा बोलू? माझी माणसा घाटकोपराक आसत." भावोजींनी काठी नकाशाकडे रोखली. "साहेबांनु, माका जंय काय गरज नाय, थंय पण जावचा आसता." (मला जिथे काही गरज नाही, तिथेही जायचे असते.)

शब्द लिहून घ्या, असा सभागृहातून आग्रह झाला. अखेर साहेबांनी दोन्ही वाक्ये, भावोजींचे आणि स्वतःचे, इतिवृत्तात लिहवून घेतली व सभा तहकूब केली.

मी त्या रात्री नीट झोपलो नाही. पायी चालण्याजोगी वस्ती ही चांगलीच गोष्ट आहे, हे माझे मत आजही बदललेले नाही. पण माणसाला कोठे जायचे आहे हे त्याला न विचारता ठरवायचे, त्याभोवती एक गोल काढायचा, त्यातही मधे कुलूप ठेवायचे, वर त्याची बस काढून घेऊन त्याला सोय म्हणायचे, आणि ऐकण्याचे नाटक करायचे, याला आखणी म्हणत नाहीत. गुरे दावणीला बांधताना आम्ही गावाकडे निदान दाव्याची लांबी तरी खरी सांगत असू.

सोमवारी मी निघालो. भावोजी ठाण्यापर्यंत येण्यास तयार झाले.

"कशाला उन्हात? मी जाईन एकटा," मी म्हणालो. "काही गरज नाही."

"म्हणानच येतंय."

एस.टी. सुरू झाली. खिडकीची काच अडकली होती, ती मला उघडता आली नाही. इंजिनाच्या घरघरीत बाहेरचे काही ऐकू येत नव्हते. फलाटावरून भावोजींनी ओठ हलवले, मग डाव्या तळहातावर उजव्या हाताचे बोट फिरवले आणि तेच बोट माझ्याकडून स्वतःकडे नेले. मी काचेला तोंड लावून, आवाज न करता, सावकाश उत्तर दिले: पोहोचताच पत्र घालतो. त्यांनी मान डोलावली.

अक्काचे उत्तर काल आले. फाटकाला कुलूप तसेच आहे. बस पुढील आदेशापर्यंत चालू आहे. शनिवारी भावोजी तिने घाटकोपरला जाऊन आले.