पालखीची वाट

“चूक कुणाची ते मागाहून बघू.”

हे म्हणताना मास्तर उजव्या हाताचा तळवा हळूच खाली दाबत. चुलीवर उतू जाणाऱ्या दुधावर आपण फुंकर घालतो ना, तसा काहीसा तो हात असे. वाचनालयात वर्तमानपत्रावरून दोघे हमरीतुमरीवर आले, शेजारच्या दोन बायकांत विहिरीवर बाचाबाची झाली, की मास्तर उठत, मधे जाऊन उभे राहत आणि तळवा दाबत. तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. त्याला बोलावणे धाडावे लागत नाही.

मी तेव्हा रत्नागिरीत त्या वाचनालयाचे काम पाहत असे. मास्तर रोज सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर हजर. मिठाच्या सत्याग्रहात गेले तेव्हा ते शाळेत मास्तर होते. सुटून आले तेव्हा नव्हते. बंदरावरून मिरवणूक निघाली, गळ्यात हार पडले. हार सुकले तशी माणसेही आपापल्या कामाला लागली, आणि मास्तर वकिलांच्या मुलांना गणित शिकवून पोट भरू लागले. पोट म्हणजे तरी काय, तुरुंगातल्या अन्नाने ते कायमचे बिघडले होते. मऊ भात आणि ताक, याखेरीज त्यांना काही सोसत नसे.

तुरुंगाबद्दल ते फारसे बोलत नसत. बोलले तर हसण्यासारखे काही सांगत. “साहेबाशी भांडायला गेलो आणि आत जाऊन भाताच्या डेगीवरून आपापसांत भांडलो. कुणी म्हणे मी याच्या हातचं खाणार नाही, कुणी म्हणे मी त्याच्या पंगतीला बसणार नाही. दोन दिवस डेग तशीच. शेवटी बाहेरचा पहारेकरी म्हणाला, ‘मास्तर, तुम्हाला स्वराज्य दिलं तर तुम्ही ते वाढणार कसं?’”

हे सांगून ते स्वतः हसत. मला वाटते, तळवा दाबण्याची सवय त्यांना त्या डेगीशेजारीच लागली.

त्यांचे गाव खाडीपलीकडे. तरीच्या होडीने पलीकडे उतरून पुढे कातळ चढून जायचे. गावात दोन वाड्या, वरची आणि खालची, मधे एक पऱ्या, म्हणजे लहानसा ओढा. मास्तरांचे घर वरच्या वाडीत. तिथे त्यांची म्हातारी आई एकटी असे. धाकटी बहीण खालच्या वाडीत दिलेली. पऱ्या ओलांडला की माहेर. ती रोज संध्याकाळी आईकडे येऊन जात असे.

मास्तर तुरुंगात असताना गावात शिमग्याची मारामारी झाली. ग्रामदेवीची पालखी देवळातून निघते, घरोघरी जाते. यंदा पुढच्या दांडीला खांदा कुणाचा, वरच्यांचा की खालच्यांचा, यावरून बोलाचाली झाली आणि काठ्या निघाल्या. खालच्या वाडीतल्या एका तरण्या गड्याचा हात कोपरात मोडला तो पुन्हा सरळ झाला नाही. फौजदार आला, खटला झाला, पालखी देवळात अडकून पडली. पऱ्यावरून येणे-जाणे बंद. बहिणीला नवऱ्याने बजावले, वरच्या वाडीत पाऊल टाकायचे नाही.

मास्तर सुटले आणि घरी गेले तेव्हा आईने त्यांना तुरुंगाबद्दल एक अक्षर विचारले नाही. म्हणाली, “तुजी बहीण पऱ्याच्या पल्याड उभी ऱ्हाते नि मी अल्याड. एवढा तू मिटव. मग खुशाल परत जा तुरुंगात.”

त्या वर्षभरात दर शनिवारी मास्तर तरीने गावी जात. मीही एकदा गेलो होतो. दोन्ही वाड्यांची माणसे पऱ्याच्या दोन काठांवर बसलेली, आणि मास्तर मधल्या खडकावर. तो हात मोडलेला गडी ताडकन उठला.

“मास्तर, माजा हात कोन सरळ करनार? ता सांगा आदी.”

“कुणी नाही करणार,” मास्तर म्हणाले. “माझं पोट कोण सरळ करणार? मला ज्या शिपायाने मारलं, तो आपल्याच मुलखातला, संगमेश्वराकडचा. सुटल्यावर बाजारात समोर आला. त्याने मान खाली घातली. मी म्हटलं, चहा घेता?”

“घेतलान?”

“घेतला. वर भजी पण खाल्लीन माझ्या पैशाने.”

दोन्ही काठांवर हशा पिकला. गडी बसला. मास्तरांचा तळवा खाली आला. “चूक कुणाची ते मागाहून बघू. आधी पालखी बाहेर कशी काढायची ते बघू.”

त्यांनी काढलेली तोड अशी की प्रत्येक दांडीला एक वरचा, एक खालचा. पुढे कोण, मागे कोण? “पालखी नाचवता ना तुम्ही? नाचताना ती गरगर फिरते. पुढचा मागे येतो, मागचा पुढे. देवीला पुढचं-मागचं नाही, ते तुम्हालाच आहे.” म्हातारी माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मग खालच्या वाडीतला एक वृद्ध म्हणाला, “बरा हाय. पन देवीचो कौल घ्या मास्तर. गुरवाला सांगा, कळे लावू दे.”

आमच्याकडची ही जुनी रीत. मूर्तीला ओल्या फुलांचे कळे चिकटवतात. उजवा पडला तर देवीचा होकार, डावा पडला तर नकार. गावाचे कोणतेही मोठे काम त्यावाचून होत नाही.

मास्तर म्हणाले, “तिला कशाला मधे घालता? भांडलात तुम्ही, मिटवलंत तुम्ही. तुमचा शब्द पुरे.”

त्यांच्या शब्दाला तेव्हा वजन होते. तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाला नाही कोण म्हणणार? सगळे गप्प बसले. ते गप्प बसणे म्हणजे होकार, असे मास्तरांना वाटले. मलाही वाटले.

शिमग्याला पालखी निघाली. मास्तरांच्या अंगणात ती नाचली तेव्हा बहीण आईच्या गळ्यात पडून रडत होती आणि म्हातारी तिच्या पाठीवर चापट्या मारत म्हणत होती, “रडतंस काय मेल्ये, ओटी भर देवीची.”

पावसाळ्यात खालच्या वाडीत ताप आला. दोन लहान मुले गेली. ताप तर दर वर्षीच येई. पण त्या वर्षी कुणीतरी म्हणाले, देवीला न विचारता तिला हलवली. एवढे पुरले. काठ्या निघाल्या नाहीत, कुणी ओरडले नाही, फक्त पऱ्यावरची वाट पुन्हा बंद झाली. ज्यांची मुले गेली त्यांच्यासमोर मास्तर काय बोलणार?

ऐन श्रावणात म्हातारी गेली. बहिणीला येऊ दिले नाही. तिने पऱ्यापलीकडून सरणाचा धूर पाहिला.

आईचे दिवस झाल्यावर मास्तर परत निघाले तेव्हा ती तरीपाशी येऊन उभी होती. मी त्यांना आणायला गेलो होतो म्हणून माझ्या कानावर आले. ती रडत नव्हती. “दादा, कौल घेतला असतास तर तुजा काय गेला असता?”

होडीत मी त्यांची समजूत काढायला त्यांचेच वाक्य म्हणालो, चूक कुणाची ते मागाहून बघू. त्यांनी पाण्याकडे पाहत म्हटले, “मागाहूनच झालं आता. माझी.”

नवरात्रात ते देवळात गेले. दोन्ही वाड्यांसमोर, गुरवाला हात जोडून म्हणाले, “मी देवीला विचारू दिलं नाही, माझं चुकलं. आता विचारा.” कळे लागले. सकाळपासून दुपार झाली, कळा पडेना. मास्तर उपाशी, अंगात कसर, खांबाला टेकून बसलेले. उन्हे कलली तेव्हा उजवा कळा पडला. पऱ्यावरची वाट मोकळी झाली, आणि त्यानंतर गावात पालखीवरून कधी तंटा झाला नाही.

इथे रत्नागिरीत मात्र त्यांच्याबरोबर तुरुंगात असलेल्या एकाने वाचनालयात सगळ्यांदेखत टोमणा मारला, “काय मास्तर, सरकारपुढे वाकला नाहीत आणि गुरवापुढे वाकलात?”

“सरकारने माझ्या बहिणीची वाट अडवली नव्हती,” मास्तर म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोके घातले. पण ते पान त्यांनी बराच वेळ उलटले नाही.

कौलावर त्यांचा विश्वास बसला होता का? मी एकदा विचारले. म्हणाले, “नाही. पण त्यांचा होता ना. दुसऱ्याच्या विश्वासाला मी हात लावला, तेही सलोखा करायला जाऊन.” पुढे कितीदा तरी मध्येच म्हणत, “म्हातारीचे शेवटचे दिवस.” वाक्य तिथेच सोडून देत.

दोन वर्षांनी त्यांचे पोट अगदीच हरले. माघात गेले. लग्न केलेले नव्हते. वरच्या वाडीतल्या घराला कुलूप लागले.

त्या शिमग्याला मी गावी गेलो. ज्या घरी वर्षात माणूस गेले असेल तिथे पालखी थांबत नाही. सगळी घरे घेत पालखी त्या बंद घराशी आली तेव्हा ढोल आपोआप थांबले. खांदेकऱ्यांची पावले संथ झाली, पण थांबली नाहीत. तो हात मोडलेला गडी पालखीच्या बाजूने चालत होता. त्याने धड असलेला हात छातीशी नेला. वळणापलीकडे ढोल पुन्हा सुरू झाले.

बहीण खालच्या वाडीतून पालखीबरोबर आली होती. तिला आता कुणीच अडवत नव्हते. ती अंगणाच्या दगडी गडग्याशी मागे राहिली. मी म्हटले, “चला ताई, पालखी पुढे गेली.”

“तुमी व्हा पुढं, भाऊ,” ती म्हणाली. “मी जरा माहेरी थांबते.”

आणि कुलूप असलेल्या दारासमोरच्या ओट्यावरचा पाचोळा ती हाताने लोटू लागली.