आपल्या पायानं आलेली

विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागला त्या हिवाळ्यात मी सरकारी दवाखान्याच्या मेडिसिन वॉर्डात नवीन सिस्टर होते. शहरात चौकाचौकांत पोलीस उभे असायचे. एसटी कधी सुरू, कधी बंद. माझं गाव गंगापूरकडचं. आमच्या वस्तीत गुलाल उडाला होता आणि त्यावरून गावातल्या काही घरांनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं. आई निरोप धाडायची, "एवढ्यात येऊ नको. तिथंच बरी हायेस."

अशाच एका बंदच्या दिवशी खुलताबादकडच्या डोंगरातून एका तरुण माणसाला जीपमध्ये आडवा घालून आणलं. घर मेंढपाळाचं. वाळूजला कारखाने उभे राहिले तसा तोही मेंढरं सोडून तिकडं कंत्राटावर लागला होता. चौघांत मिळून खोली करून राहायचा. आता त्याचं पार चिपाड झालं होतं. तोंड आतून पांढरं, जुलाब थांबत नव्हते, छातीत टीबी. सोबत आई आणि बायको.

तेव्हा एचआयव्ही म्हणजे असाच पेशंट. माणूस अंथरुणाला खिळला की मगच तपासणी व्हायची, आणि निकाल हातात येईपर्यंत बऱ्याचदा माणूस हातचा जायचा. त्यामुळं आम्ही सगळेच धरून चाललो होतो की हा आजार फार तर काही आठवड्यांचा. खरं म्हणजे आम्ही त्याचं फक्त शेवटचं टोक बघत होतो. त्या टोकाच्या अलीकडं काय असतं ते बघायला आमच्याकडं कुणी यायचंच नाही.

त्याचा निकाल कळला तशी वॉर्डातल्या मावशींनी त्याच्यासाठी वेगळा पेला आणून खाटेखाली ठेवला. वेगळा पेला म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. गावच्या हॉटेलात माझ्या बापाचा कप बाहेर ठेवलेला असायचा. मी तो पेला उचलून बाजूला टाकला आणि सगळ्यांच्याच पेल्यातून त्याला पाणी पाजलं. मावशी पुढं कितीतरी दिवस माझ्याशी घुश्श्यातच होत्या.

तो फार टिकला नाही. डॉक्टरांनी बायकोचं रक्त तपासायला सांगितलं तेव्हा ती चकित झाली.

"मला काय झालंय? मेंढरामागं दिसभर हिंडते, डोंगर चढते-उतरते. भाकर गोड लागती."

तिच्याही रक्तात निघालं. डॉक्टरांनी तिला आणि सासूला समोर बसवून सांगितलं, "तुम्हाला आत्ता काही त्रास नाही. पण पुढं होऊ शकतो. नीट खायचं, आणि ताप-खोकला आला की अंगावर न काढता यायचं."

"आन् औषध?" सासूनं विचारलं.

"ह्याचं औषध सध्या आपल्याकडं नाही," डॉक्टर म्हणाले आणि उगाच टेबलावरचे कागद सारखे करत बसले. चांगल्या धडधाकट माणसाला हा निकाल सांगायची त्यांचीही पहिलीच वेळ होती.

बाहेर व्हरांड्यात सासू पदर तोंडाला लावून बसली. मला वाटलं, आता ही सुनेला माहेरची वाट दाखवणार. बहुतेक घरांत तेच व्हायचं. शेवटी म्हातारी उठली. "चल. जीप निघंल."

"आत्या, म्या कुठं येऊ आता?"

"कुठं म्हंजी? घरी. ह्यो रोग ज्यानं आणला त्यो माझाच लेक व्हता. त्यो तर गेला, आता तुला बी घालवू व्हय?"

त्यानंतर सून शहागंजला बाजाराला आली की वॉर्डाच्या दारात येऊन उभी राहायची. "बरी हाय मी, सिस्टरबाई." एवढं सांगून निघायची. दर वेळी मला आतून आश्चर्य वाटायचं, पण चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही. वर्षं गेली. मध्ये तिला टीबी झाला. गोळ्यांचा सगळा कोर्स तिनं पुरा केला आणि उठली. पुढं कमरेवर नागीण आली, मग वजन उतरायला लागलं. गालफडं बसली. सुदैवानं तोवर सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची फुकट औषधं सुरू झाली होती आणि माझी बदली त्याच विभागात झाली होती. पहिल्या गोळ्यांनी तिला उलट्या झाल्या, अंगावर पुरळ उठलं. "नगं वाटतं," ती म्हणायची, तरी घ्यायची. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, आणि हळूहळू ती पुन्हा अंगानं भरली. सासूचं शेवटचं आजारपण तिनंच काढलं.

आता आमच्याकडं निकाल ऐकायला येणारी माणसं वेगळीच दिसतात. कुणी गरोदर असते, कुणाचं ऑपरेशनाआधी रक्त तपासलेलं असतं. गाडी चालवत येतात, चांगल्या तब्येतीची. "काहीच होत नाही मला, तुमची मशीन चुकली असंल," म्हणून भांडतात. ती गोळ्या न्यायला आलेली असली की अशांना मी तिच्याशेजारी बसवून देते. अजूनही अधूनमधून कुणीतरी आडवा होऊनच येतो, नाही असं नाही. तेव्हा वाईट वाटतं, कारण आता तसं येण्याची गरज उरलेली नाही.

परवा ती आली ती गुडघे धरून. डॉक्टरांनी तपासलं, तर साखर वाढलेली. बाहेर आली ती तणतणतच.

"इतकी वर्सं त्या गोळ्या खाल्ल्या, कधी चुकले का? अन् ह्यो कालचा डॉक्टर म्हणतो, चहात साखर घालू नगा!"

"मग नका घालू."

"बिनसाखरंचा चहा, त्यो काय चहा झाला व्हय?" असं म्हणून तिनं पिशवीत गोळ्या टाकल्या आणि खुलताबादची गाडी धरायला गुडघा चोळत निघाली.